इंजिन कुठे आहे

"थांबा बाबा, लगेच बघू नका. मी तीन म्हणालो की बघा," असं म्हणत जावयाने मास्तरांना खांद्याला धरून फाटकाच्या आत उभं केलं.

"सहा आठवडे डोळा झाकूनच बसलोय. अजून किती झाकायचा?" मास्तर म्हणाले आणि जमलेली माणसं हसली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मास्तर आज पहिल्यांदाच घरी येत होते. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी राहिले तर तिसऱ्या दिवशी मास्तर गाडीखाली आडवे झालेले दिसतील, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून लेकीने त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडे नेऊन ठेवलं होतं. बायको मधूनमधून येऊन भेटून जायची. आज घरी परतताना अंगणात एवढी माणसं का, हे मास्तरांना कळेना. शेजारची दोन-तीन कुटुंबं होती, लिफ्टच्या कंपनीतले दोन जुने सोबती होते, टेबलावर केक होता. एका डोळ्याच्या ऑपरेशनला एवढा थाट म्हणजे अतीच झालं, असं त्यांच्या मनात आलं.

जावई तीन म्हणाला आणि त्याने समोरचं कापड ओढलं.

अंगणात एक लालभडक गाडी उभी होती. तिच्या नाकाला पांढऱ्या रिबिनीचं फूल लावलेलं होतं. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"कुणाची ही?" मास्तरांनी विचारलं.

पुन्हा हशा झाला. लेकीने त्यांचा दंड धरला. "तुमचीच, बाबा. नीट बघा ना."

त्यांनी नीट पाहिलं. नवा डोळा फार स्वच्छ दिसत होता. डाव्या मडगार्डाचा बाक त्यांनी ओळखला, कारण तो त्यांनीच लाकडी मोगरीने ठोकून काढला होता आणि कारखान्यातून आलेल्या बाकापेक्षा तो केसभर फुगीर राहिला होता. बाकी काहीच ओळखीचं नव्हतं. मळकट सायीच्या रंगाची, जागोजागी करड्या अस्तराचे डाग मिरवणारी ती साठ वर्षांची दोन सीटांची गाडी आता नव्या बादलीसारखी चकाकत होती.

"बसा ना, चालू करून बघा," जावई म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. "चावीसुद्धा फिरवायला नको. बटण आहे."

मास्तर बसले नाहीत. ते पुढे गेले आणि त्यांनी बॉनेट उचललं. आत काळ्या प्लॅस्टिकचं एक मोठं झाकण होतं. झाकणाशेजारून एसीचे पाइप गेले होते. त्यांनी झाकणावर बोटाने टकटक केली.

"इंजिन कुठे आहे?"

"हे काय, हेच. एकदम नवं आहे. गिअरही टाकायला नकोत, ऑटोमॅटिक आहे. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. तुम्हाला आता कधी हात काळे करायला नकोत, बाबा."

"माझं इंजिन कुठे आहे?"

"ते जुनं? ते गॅरेजवाल्याकडेच राहिलं. तो म्हणाला, त्यात दम नव्हता. शिवून शिवून ठेवलंय म्हणाला कुणीतरी."

त्यांना दोन्ही हातांनी बॉनेटची कड धरावी लागली.

ते कुणीतरी तेच होते. चौतीस वर्षं त्यांनी उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. लिफ्ट अडकली की आतली माणसं त्यांना शिव्या देत. सुरू झाली की तीच माणसं घड्याळात बघत निघून जात. लिफ्टमास्तर हे नाव त्यांना तिथेच पडलं आणि मग लिफ्ट गळून नुसतं मास्तर राहिलं. अशाच एका अठरा मजली इमारतीच्या तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यामागे, त्यांना ही गाडी सापडली होती. मालक परदेशी निघून गेलेला, टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार. इमारतीच्या मॅनेजरला ती जागा मोकळी हवी होती. "घेऊन जा, माझ्या डोळ्यांसमोरून जाऊ दे," तो म्हणाला. एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी मास्तरांनी ती टेम्पोवर घालून घरी आणली आणि अंगणात पत्र्याची शेड घातली.

त्यानंतरचे सगळे रविवार शेडमध्ये गेले. गाड्यांचं काम त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. एक भाग उघडायचा, कागदावर काढायचा, साफ करायचा, परत लावायचा. चुकला तर पुन्हा उघडायचा. ज्या स्क्रूला बाजारात पाना मिळत नव्हता, त्याच्यासाठी पाना बनवायचा. वॉल्व हाताने घासून घासून बसवले. गिअरबॉक्स चार वेळा उतरवला, चौथ्यांदा तो गप्प झाला. आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या अंगाला, वीतभर भेग होती. बिडाला वेल्डिंग मानवत नाही. एकीकडे तापवलं की दुसरीकडे तडकतं. सगळ्यांनी सांगितलं, टाकून द्या. मास्तरांनी ती भेग न तापवता शिवली. भेगेवर एक बारीक भोक पाडायचं, त्याला आटे पाडायचे, आट्यांची लोखंडी पिन घट्ट फिरवून बसवायची, वरून कापायची, हातोडीने हलकेच ठोकायची. मग पुढचं भोक असं पाडायचं, की ते आधीच्या पिनेचाही थोडा भाग खाईल. म्हणजे पिनेला पिन चावून बसते. अशा त्रेचाळीस पिना. दीड वर्ष लागलं. चार वर्षांपूर्वी ते इंजिन सुरू झालं, तेव्हा त्या शिवणीतून पाण्याचा थेंबसुद्धा आला नाही.

आता ते बॉनेट धरून उभे होते आणि अंगणातली माणसं केककडे बघत होती.

"गाडी यांच्या हातात दिली कुणी?" मास्तरांनी विचारलं.

जावयाने लेकीकडे पाहिलं, लेकीने दाराकडे पाहिलं. दारात बायको उभी होती. ती टाळ्या वाजवायलाही पुढे आली नव्हती.

"शेडची आणि गाडीची, दोन्ही चाव्या मी दिल्या," ती म्हणाली.

मास्तरांनी बॉनेट खाली आणलं. आपटलं नाही, हळू दाबून बसवलं, कारण कुठलंही बॉनेट त्यांना आपटवत नसे. मग ते माणसांकडे वळले. "तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं. आता जा. केक घेऊन जा."

"बाबा, असं काय करताय?" लेकीचा आवाज फुटला.

"मी काही करत नाहीये. तुमचं करून झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दोन बस बदलून गॅरेजला गेले. बायकोने चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

गॅरेज म्हणायचं म्हणून गॅरेज. पुढे काचेची केबिन, गार हवा, कोपऱ्यात कुंडीत झाड. मालक पस्तिशीचा, पांढऱ्या शर्टातला. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर जोडीजोडीने फोटो लावलेले होते: एका फोटोखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. मास्तरांनी नाव सांगायच्या आत त्यांना आपली गाडी दिसली. 'आधी'च्या फोटोत त्यांची शेड होती. त्यांच्या हाताने बनवलेली बाकं होती, भिंतीवर आकाराने लावलेले पाने होते, आणि मधोमध ती सायीच्या रंगाची गाडी. एकोणीस वर्षांची मेहनत या माणसाने 'आधी' म्हणून टांगली होती.

"ओळखलं, ओळखलं," त्यांची फोटोवरची नजर पाहून मालक उठला आणि हात पुढे करत म्हणाला. "लाल गाडीचे काका ना? काय म्हणते गाडी? या फोटोवर लोकांच्या उड्या पडताहेत, सांगतो तुम्हाला."

मास्तरांनी हात पुढे केला नाही. "माझं इंजिन घ्यायला आलोय."

"कुठलं?"

"जे काढलंत ते. गिअरबॉक्ससकट."

मालक पुन्हा खुर्चीत बसला. "काका, ते भंगारात गेलं. तीन आठवडे झाले. तुमच्या जावईसाहेबांना विचारलं होतं, हवंय का म्हणून. ते म्हणाले, नको. आणि खरं सांगू का, ठेवण्यासारखं नव्हतंच ते. ब्लॉक फुटका होता. कुणीतरी अडाण्याने पिना मारून ठेवल्या होत्या."

"तो अडाणी मी."

मालकाने सावरून घेतलं. "तसं नाही, छंद म्हणून ठीक असतं. पण रस्त्यावर जबाबदारी आमची असते ना."

"तुम्ही तो ब्लॉक पाण्याच्या दाबावर तपासलात?"

"काका—"

"तपासलात का? हो की नाही?"

"अशा वस्तू तपासायच्या नसतात, बदलायच्या असतात."

मास्तरांच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की टेबलावरची काच उचलून भिंतीवरच्या फोटोवर फेकावी असं वाटलं. त्यांनी हात पँटच्या खिशात घातले. आजवर त्यांनी कुणावर हात उचलला नव्हता आणि आज उचलला असता, तर तो थांबला नसता. "तो फोटो काढून टाका," ते म्हणाले. "शेड माझी आहे. मी परवानगी दिलेली नाही." आणि बाहेर पडले.

ते रस्त्यापर्यंत पोचले असतील, तेवढ्यात मागून हाक आली. साठीला टेकलेला एक मिस्त्री फडक्याला हात पुसत लगबगीने येत होता. त्याच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं.

"ती शिवण तुम्ही मारली होती?"

"का? तुम्हीपण अडाणी म्हणायला आलात?"

"मी काढलं ते इंजिन," मिस्त्री म्हणाला. "काढायच्या आधी चालू करून बघितलं. अहो, बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तर हललं नसतं पाणी. मी वर जाऊन सांगितलं, की शेठ, हे काढायचं इंजिन नाही. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला सांगून झालंय."

"मग का काढलंत?"

मिस्त्रीने खाली पाहिलं. "नोकरी आहे."

मास्तर त्याच्यावर ओरडणार होते. शब्द तोंडात आलेही होते. पण त्यांना एकाएकी एक जुनी इमारत आठवली. पितळी जाळीच्या दाराची लिफ्ट होती तिथे. आतला लिफ्टवाला म्हातारा ते दार रोज चिंचेने घासल्यासारखं लख्ख ठेवायचा. कंपनीचा हुकूम आला आणि मास्तरांनी स्वतः चार दिवसांत ती लिफ्ट उतरवून स्टीलची बसवली. म्हातारा जिन्यात उभा राहून बघत होता. पुढे त्याचं काय झालं, हे मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं.

"भंगारवाला कुठे बसतो?" त्यांनी विचारलं.

"लांब आहे. मी सोडतो. जेवणाची सुट्टी होतेच आहे."

मिस्त्रीच्या स्कूटरवरून ते गेले. भंगाराच्या आवारात डाव्या हाताला अॅल्युमिनियमचा ढीग होता, उजव्या हाताला बिडाचा. वजनकाट्यावरच्या माणसाने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बिडाचं काही अख्खं राहत नाही इथे. घणाने फोडूनच टाकतो आम्ही. भट्टीवाले अख्खं घेत नाहीत. बघा, त्या ढिगात असेल तर असेल. मागच्या आठवड्यात गाडी भरून गेली एक."

डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली मुदत कालच संपली होती. मास्तर वाकले. दोघांनी मिळून उन्हात तासभर ढीग उपसला. पंपांची तोंडं, गटारांची झाकणं, कुठल्या कुठल्या यंत्रांचे पाय. मिस्त्रीने दोनदा घड्याळ पाहिलं, पण तो गेला नाही. शेवटी त्यालाच सापडला, भाकरीएवढा एक तुकडा. त्याने तो मास्तरांच्या हातात दिला.

घणाचा घाव बरोबर भेगेच्या कडेने गेला होता. सात-आठ पिना उभ्या चिरल्यासारख्या उघड्या पडल्या होत्या. मास्तरांनी चष्मा वर सरकवला आणि तुकडा उन्हात धरला. त्रेचाळीस पिना त्यांनी घातल्या होत्या, पण बिडाच्या आत त्या कशा बसल्या हे त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. दिसायची सोयच नव्हती. आता दिसत होतं. आटा आट्यात गेलेला. पिनेने पिनेला चावलेलं. मधे रेघसुद्धा नाही.

मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"ही बघा," ते म्हणाले. "ही उथळ बसलीय. आटे पाडायचा टॅप तळापर्यंत गेलाच नाही. मूर्खासारखी घाई केली मी इथे."

"धरलं होतं पण तिने," मिस्त्री म्हणाला.

"आज धरलं असतं, उद्या गळलं असतं."

"आजवर नाही गळलं ना?"

"तुम्ही मला समजावू नका," मास्तर खेकसले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुमची सुट्टी संपली असेल. जा तुम्ही. मी बसने जातो."

घरी आले तेव्हा दुपार कलली होती. बायको जेवणाच्या टेबलावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मास्तरांनी तो तुकडा घड्यांच्या शेजारी ठेवला. तिने एक टॉवेल उचलून बाजूला घेतला, काळा होऊ नये म्हणून. त्या एवढ्याशा हालचालीने मास्तरांचा तोल गेला.

"हे उरलंय. घणाने फोडलंय. तू चावी का दिलीस?"

"मागितली म्हणून दिली."

"मला विचारावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"मग?"

"मग काही नाही. तुमचं नको मला ऐकायचं नव्हतं."

मास्तर खुर्ची ओढून बसले. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेली ही बाई. रांगेतल्या कुठल्याही माणसाला तिने कधी वरच्या पट्टीत उत्तर दिलं नसेल. आताही तिचा आवाज तसाच होता.

"जावई रंगच द्यायला निघाला होता," ती सांगू लागली. "मग गॅरेजवाल्याने त्याच्या डोक्यात इंजिनाचं भरवलं. त्याने मला फोन केला. आई, इंजिनही बदलू का, बाबांना त्रास कमी होईल. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याला तुम्ही एक शब्द बोलू नका. त्याने जे केलं ते प्रेमाने केलं."

"आणि तू?"

"मी म्हटलं, बदला. मी प्रेमाने नाही म्हटलं."

तिने हातातली घडी पूर्ण केली, उठली आणि आतून एक फाइल घेऊन आली. त्यातला एक कागद तिने त्यांच्यापुढे ठेवला. कागदावर पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं. ब्लॉकची बाजू, भेगेची वाकडी रेघ आणि तिच्यावर एकापुढे एक आकडे घातलेली वर्तुळं.

मास्तरांचा चेहरा नकळत उजळला. "अगं, ही पिनांची आखणी. हिच्यासाठी मी सगळी शेड पालथी घातली होती. कुठे मिळाली तुला?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "उलटा करा," ती म्हणाली.

त्यांनी कागद उलटा केला. वर हॉस्पिटलचं नाव होतं. खाली तिचं नाव, तिचं वय. डाव्या स्तनातली गाठ, तपासणीचा अहवाल. तारीख आठ वर्षांपूर्वीची.

"मी आत डॉक्टरांशी बोलत होते. तुम्हाला म्हटलं, हा धरा, मी आलेच. बाहेर आले तेव्हा तुम्ही बाकावर बसून चित्र काढत होतात. वर बघून म्हणालात, पेन्सिलीला टोक करायला काही आहे का."

"रिपोर्ट चांगला होता," मास्तर म्हणाले.

"चांगला होता, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही विचारलंत?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. बसमधून घरी आल्याचं आठवलं. आल्या आल्या शेडमध्ये गेल्याचं आठवलं. त्या दिवशी सतरावी पिन बसली होती, हेसुद्धा आठवलं. विचारल्याचं काही आठवेना.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"शेडमध्ये येऊन बोलायचं होतं का? गाडीखालून तुमचे पाय दिसायचे मला. पायांशी काय बोलणार? एकदाच हौसेने त्या गाडीत बसले, तर ती अर्ध्या वाटेत बंद पडली. मी बसने घरी आले, तुम्ही गाडी ढकलत संध्याकाळी आलात. आणि आल्यावर मला म्हणालात, सापडलं काय झालं होतं ते. आनंदात होतात तुम्ही. मी कशी आले, विचारलं नाहीत."

"म्हणून माझं एकोणीस वर्षांचं काम घणाखाली द्यायचं?"

"घणाखाली द्या असं मी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, एकदाचं तिच्यातलं काम संपेल. काम संपलं, की तुम्ही घरात याल."

"तुला एवढा राग होता?"

"होता नाही. आहे."

मास्तरांना वाटलं, आता आपला राग उतरेल. कागदाची ही बाजू पाहिल्यावर तो उतरायला हवा होता. पण तो जागचा हलला नाही. तिचं म्हणणं खरं होतं आणि आपला ब्लॉक फुटला, हेही तेवढंच खरं होतं. एकाने दुसरं पुसलं जात नव्हतं. ते दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून राहिले. मधे तो बिडाचा तुकडा, तो कागद आणि कपड्यांच्या घड्या. बायको म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं नाहीत. वाढते."

"मला नकोय."

"मलाही वाढायचं नाहीये. पण बसा."

ते जेवले.

शनिवारी जावई आला. एकटाच आला होता, आणि फाटकातून आत येताना त्याची पावलं जड पडत होती. मास्तर पायरीवर बसले होते.

"बाबा, माझं चुकलं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल."

"तुम्हाला मी दहा वेळा म्हटलं होतं, रविवारी या, शिकवतो. आठवतं?"

"हो. वेळ नव्हता तेव्हा."

"वेळ नव्हता. ठीक आहे. एक दिवस आला असतात ना, तर ते इंजिन काढा असं म्हणायला तुमची जीभ उचलली नसती." बायकोचं बोलणं त्यांना आठवलं आणि त्यांनी पुढचे चार शब्द गिळले. त्या दिवशी जावई टेबलावर ठेवून गेला होता, ते नव्या गाडीचं चावीसारखं दिसणारं काळं खेळणं त्यांनी खिशातून काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. "घेऊन जा."

"म्हणजे? गाडी तुमची आहे, बाबा."

"माझी भंगारात गेली. ही तुमची आहे. तुम्ही करवून घेतलीत, तुम्ही चालवा."

"माझ्याकडे ठेवायला जागा नाही हो. बिल्डिंगमध्ये एकच पार्किंग आहे." तो रडकुंडीला आला होता. "रागाने असं काही करू नका."

"रागानेच करतोय. उगीच दुसरं काही नाव देऊ नका त्याला. पण लेकीला सांगा, तिच्यावर राग नाही. रविवारी जेवायला या, मी नीट बोलेन. आज गाडी न्या."

जावई गाडीत बसला. बटण दाबल्यावर इंजिन इतक्या हळू सुरू झालं, की सुरू झालंय का, याची त्याला काट्याकडे बघून खात्री करून घ्यावी लागली. फाटकातून बाहेर पडताना त्याने काच वर केली. मास्तरांनी मागून आवाज देऊन सांगितलं, "डावीकडून सांभाळून. मडगार्ड बाहेर आहे तिकडे." सवयीने बोलून गेले. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. बायको खिडकीत उभी होती. ते तिच्याकडे वळले नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांनी शेडमधले पाने एकेक करून पुसले, तेलाचा हात फिरवला आणि खोक्यात भरले. खोकी दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीकडे पोचती केली. मिस्त्री घ्यायला तयार नव्हता. मास्तर म्हणाले, "तुमच्या शेठला देत नाहीये, तुम्हाला देतोय. वापरा नाहीतर विका." घरी आले तेव्हा दहा वाजले होते.

रविवार होता. लेक-जावई जेवायला यायचे होते. एवढ्या सकाळी मास्तर रविवारी घरात असल्याची घराला सवय नव्हती. कुठे बसायचं, हेही त्यांना ठरवता येईना. आधी ते टेबलापाशी बसले, मग उठून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. घरात रविवारी सकाळी एवढं ऊन येतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

आतून बायको बादली आणि फडकं घेऊन आली. ती वाकून एका कोपऱ्यापासून फरशी पुसू लागली. पुसत पुसत खुर्चीपर्यंत आली आणि थांबली. तिथे कुणी असणार, हे तिच्या हाताच्या हिशेबात नव्हतं.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

मास्तरांनी पाय उचलून धरले. ती खालची फरशी पुसून पुढे गेली. फरशी वाळेपर्यंत ते तसेच पाय अधांतरी धरून बसले.